परदेशी पाठवताना तिकिटाबरोबर कागदपत्रेही द्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रबाळे, महापे, पावणे येथील कारखान्यांतून एखादे यंत्र परदेशी रवाना झाले की ते बसवून देण्यासाठी मागोमाग फिटर आणि सर्व्हिस इंजिनिअरही चार-सहा आठवड्यांसाठी जातात. मी रबाळे येथील अशाच एका कारखान्याच्या कार्मिक विभागात १९ वर्षे काम करून निवृत्त झालो. व्हिसा, तिकीट आणि दैनिक भत्ता यांची व्यवस्था झाली की कायद्याची पूर्तता झाली, असा आमचा समज होता. आसपासच्या कारखान्यांत तो आजही दिसतो, म्हणून हे पत्र.

आमचे दोन फिटर पॅकिंग यंत्र बसवण्यासाठी बेल्जियमला गेले होते. परदेशी मालकाने तात्पुरत्या कामासाठी पाठवलेल्या कामगाराची ‘लिमोसा’ ही नोंदणी तेथे २००७ पासून काम सुरू होण्यापूर्वी करावी लागते. नव्या यंत्राच्या पहिल्या उभारणीला यातून सूट आहे, परंतु काम आठ दिवसांच्या आत संपणार असेल तरच. आमचे काम पाच आठवड्यांचे असल्याचे करारातच लिहिलेले होते. तेथील ग्राहकाने नोंदणीची पावती ई-मेलने मागितलीही होती, कारण ती पाहून घेण्याची जबाबदारी त्याच्यावरही असते; तो ई-मेल आमच्याकडे कोणी नीट वाचला नाही. बाराव्या दिवशी कामगार निरीक्षक यंत्रापाशी येऊन उभे राहिले आणि तेथील भाषेतला एक शब्दही न कळणाऱ्या त्या दोघांना उत्तरे द्यावी लागली. धाकट्याने रात्री फोन करून “साहेब, आम्हाला पकडतील का?” असे विचारले. चूक कार्यालयाची, माझ्या विभागाचीही होती. अपमान मात्र त्यांच्या वाट्याला आला.

सर्वांत मोठा गोंधळ वेतनाचा आहे. भारतातील पगार चालू ठेवून वर युरोमध्ये भत्ता द्यायचा, ही आपली रूढ पद्धत. युरोपीय संघाचे २०१८ चे सुधारित निर्देश जुलै २०२० पासून लागू झाले असून त्यांनुसार पाठवलेल्या कामगाराला त्या देशातील कायद्याने व सर्वांवर बंधनकारक असलेल्या सामूहिक करारांनी ठरवलेले वेतन मिळाले पाहिजे, आणि प्रवास, जेवण व निवास यांच्या खर्चापोटी दिलेली रक्कम त्या वेतनात धरता येत नाही. म्हणजे हॉटेलचे बिल आणि जेवणाचा भत्ता मिळवून आपण जो आकडा दाखवतो, त्यातला बराचसा भाग निरीक्षकाच्या हिशेबात शून्य ठरतो. कामगाराच्या दृष्टीने पाहिले तर तो भत्ता कधी पगार नव्हताच, हेही मान्य करायला हवे.

भविष्यनिर्वाह निधीचे काम त्या मानाने सोपे आहे. बेल्जियम, जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, जपान अशा अनेक देशांशी भारताचे सामाजिक सुरक्षा करार आहेत. निघण्यापूर्वी पीएफ कार्यालयाकडून ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’ (कामगाराची वर्गणी भारतातच भरली जात असल्याचे प्रमाणपत्र) घेतले, तर करारात ठरलेल्या मुदतीपर्यंत, बेल्जियमच्या बाबतीत ६० महिन्यांपर्यंत, तेथे वेगळी वर्गणी भरावी लागत नाही. अमेरिकेशी असा करार नाही, हे ऐरोली-महाप्याच्या आयटी कंपन्यांतून तिकडे जाणाऱ्या मुलांना पहिली पगारपत्रिका पाहिल्यावरच कळते.

आखाती देशांत जाणाऱ्यांची स्थिती अधिक नाजूक आहे. काम लवकर उरकायचे म्हणून व्हिजिट व्हिसावर वेल्डर पाठवणे हा त्या वेल्डरच्या जिवाशी खेळ आहे, कारण तेथे पकडला जातो तो कामगार; मालक इकडे असतो. दहावी उत्तीर्ण नसलेल्या आणि म्हणून ईसीआर (‘उत्प्रवास तपासणी आवश्यक’ असा शेरा असलेले) पारपत्र असलेल्या कामगाराला ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाताना १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार मंजुरी लागते. तिच्यासोबत प्रवासी भारतीय विमा योजनेत अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. व्हिजिट व्हिसावर गेलेला माणूस या दोन्हींना मुकतो.

लहान कारखान्याला प्रत्येक देशाचा वकील नेमणे परवडत नाही, याची मला जाणीव आहे. म्हणून ठाणे-बेलापूर पट्ट्यातील उद्योजक संघटनांनी देशवार माहिती मराठीत तयार करावी आणि वागळे इस्टेट येथील पीएफ कार्यालयाच्या अधिकाऱ्यांना वर्षातून एकदा तरी बोलावून कार्मिक विभागांना मार्गदर्शन मिळवून द्यावे. दरम्यान प्रत्येक मालकाने निघणाऱ्या कामगाराच्या हाती मुदत व वेतन नमूद केलेले नेमणूकपत्र, नोंदणीची पावती, पीएफचे प्रमाणपत्र, विम्याची प्रत आणि अडचणीत रात्रीही फोन उचलेल अशा अधिकाऱ्याचा क्रमांक द्यावा. याच कागदांची एक प्रत त्याच्या कळव्याच्या किंवा दिघ्याच्या घरीही ठेवावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कार्मिक अधिकारी, नौपाडा, ठाणे