शुभाताई, विनोदाचा पाया दाखवल्याबद्दल

आदरणीय शुभाताई खोटे,
सप्रेम नमस्कार.

विनोदी भूमिका मिळाली की नव्या नटीचा आवाज पहिल्याच वाक्याला वरच्या पट्टीत लागतो. मग पाच मिनिटांत आणखी चढायला जागाच उरत नाही. तालमीत असं झालं की आम्ही तुमचं काम बघायला सांगतो. त्यासाठी हे जाहीर आभार.

‘ससुराल’ (१९६१), ‘जिद्दी’ (१९६४), ‘लव्ह इन टोकियो’ (१९६६) हे तुमचे हिंदी चित्रपट. विनोदी नट मेहमूद उधळलेले, धुमाळ तापलेले आणि तुम्ही दोघांच्या मध्ये. तुमच्या नायिकेला स्वतःचं प्रेम अगदी खरं वाटतं, म्हणून तर मेहमूदांचा खटाटोप हास्यास्पद होतो. तीही गंमत करायला लागली असती, तर प्रसंगच सपाट झाला असता. समोरच्याचं हशा आणणारं वाक्य (पंच) पडत असताना हात, पदर, मान हलवायची नाही. हलली की प्रेक्षकाची नजर तिकडे जाते आणि हशा अर्धाच येतो. हे काम कुणाच्या लक्षात येत नाही, पण याच्याशिवाय प्रवेश उभा राहत नाही.

नाटकात हशा आधी चढतो, मग उतरायला लागतो. पुढचं वाक्य तो उतरताना घ्यायचं. घाई केली तर शब्द हशात बुडतात, पूर्ण शांततेची वाट पाहिली तर प्रयोग पडतो. कॅमेऱ्यासमोर तर हशाच नसतो, अंदाजाने जागा सोडावी लागते. लहानपणीच रंगमंचावर उभं राहिल्यामुळे तो अंदाज तुमच्या अंगात मुरला असावा. शरीरावरची हुकमत तर ‘सीमा’ चित्रपटातल्या (१९५५) पुतलीच्या भूमिकेपासूनच दिसते, पोहणं आणि सायकलिंग या दोन्हींत तुम्ही अजिंक्यपदं मिळवली होती, ती उगाच नाही.

सर्वांत जास्त शिकवलं ते ‘एक दूजे के लिए’मधल्या (१९८१) आईने. ती मुलीच्या प्रियकराचा, वासूचा फोटो जाळते, मुलगी सपना ती राख चहात घालून पिऊन टाकते. कागदावर वाचलं तर हसू येईल असा प्रसंग! पण आईचा संताप इतका खरा आहे की कुणी हसत नाही. हसू कुठून फुटतं हे ज्या नटीला नेमकं माहीत असतं, तिलाच ते अडवताही येतं.

आता विनोदी प्रवेशाच्या तालमीआधी आम्ही हा प्रसंग दाखवतो. त्यानंतर आवाज आपोआप खाली येतात.

मनापासून धन्यवाद.

आपले,
हौशी रंगभूमीवरचे काही कलाकार