पर्वतीय झाडे मरतात ती तहानेने नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रॉक गार्डनमधल्या अल्पाइन, म्हणजे उंच पर्वतांवरच्या, झाडांना ‘पाणी लागत नाही, खडकांत लावा आणि विसरा’ असा सल्ला बागकामाच्या सदरांतून वारंवार दिला जातो. त्यापायी चांगली रोपे हकनाक जातात. ही झाडे अवर्षण सोसतात हे खरे, पण मूळ खोल गेल्यावरच. आणि बागेत ती दगावतात ती बहुधा खोडाच्या मानेशी, म्हणजे खोड आणि मूळ जुळतात तिथे, साचलेल्या ओलाव्याने, म्हणून आधी निचऱ्याचे बोलायला हवे.

वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ३० ते ४५ सेंटीमीटर उंच घ्यावा. एक भाग बागेतील माती, एक भाग चांगले कुजलेले पानांचे खत आणि दोन भाग ३ ते ६ मिलिमीटरची खडी, असे मिश्रण करावे. खडी चाळून, धुऊन घ्यावी, कारण तिच्यातली भुकटी मातीतल्या पोकळ्या बुजवते. तळाशी खडीचा जाड थर देण्याची पद्धत सर्रास आहे. तिने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतले पाणी ती पुरती भिजेपर्यंत खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरत नाही, त्यामुळे ओल उलट मुळांच्या जवळ अडकते. खडी मातीत मिसळलेलीच बरी.

दगड मातीवर नुसते मांडू नयेत. निदान एक तृतीयांश भाग गाडावा आणि माथा किंचित मागे कलता ठेवावा, म्हणजे पावसाचे पाणी मुळांकडे जाते. चपटे दगड उभे रोवून मधल्या ३ ते ५ सेंटीमीटरच्या फटींत लागवड करणे त्याहून उत्तम. दगडाखाली माती गार राहते आणि मुळे ओलीच्या मागोमाग खोल उतरतात.

सर्वाधिक चुका लावताना होतात. रोपवाटिकेतले रोप बहुधा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा पीटमध्ये (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा भुसा) वाढलेले असते. मुळांभोवतीचा तो गोळा, म्हणजे हुंडी, तशीच खडीमिश्रित मातीत बसवली, की मुळे तिच्या बाहेर पडत नाहीत. ती एकदा सुकली की पुन्हा भिजत नाही आणि भिजली की दिवसेंदिवस ओली राहते. म्हणून बादलीभर पाण्यात मुळे हलकेच हलवून निम्म्याहून अधिक पीट काढून टाकावे, मुळे पसरून लावावीत. मान मातीच्या पातळीच्या थोडी वर ठेवून तिच्याभोवती २ ते ३ सेंटीमीटर खडी पसरावी. इतर झाडांना करतो तसे आळे इथे मुळीच करू नये. अकँथोलिमॉनसारखी सोटमुळाची झाडे मात्र लहानपणीच कायमच्या जागी लावावीत, मोठेपणी हलवलेली सहसा तगत नाहीत.

पहिल्या हंगामात पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा, पण खोलवर पाणी द्यावे. रोज थोडे शिंपडले की मुळे वरच राहतात. पुढच्या वर्षापासून हात आखडता घ्यावा. नत्रयुक्त खत टाळावे. त्याने वाढ लुसलुशीत होते, झाडाचा उशीसारखा दाट झुबका सैल पडतो आणि कूज शिरते. ड्राबा किंवा अँड्रोसेस या झुबकेदार झाडांचा झुबका मध्येच तपकिरी पडू लागला, तर मेलेला भाग चिमट्याने काढून त्या खळग्यात वाळू-खडी भरावी. कडेचा जिवंत भाग बहुधा सावरतो.

झाडांची निवडही तितकीच महत्त्वाची. सेम्परव्हायव्हम, सेडम आणि बुटक्या डायान्थसपासून सुरुवात करावी. ती चुका पोटात घालतात. पानांच्या कडांवर चुन्याचे पांढरे कण येणारी सॅक्सिफ्रागा दुपारच्या उन्हापासून आडोशाला लावावी. जिथे रात्रीही उकाडा ओसरत नाही आणि हवा दमट असते, तिथे हिमरेषेलगतची झुबकेदार झाडे कितीही उत्तम निचऱ्यात टिकत नाहीत. पाणी कमी करून त्यांचा प्रश्न सुटत नाही, हे अशा सदरांत स्पष्ट छापले जावे.

आपला विश्वासू,
एक बागकामप्रेमी वाचक