बाबांना न दिलेलं उत्तर

नागपूर, १९ मे

प्रिय निखिल,

तुझ्या मेसेजना उत्तर दिलं नाही, रागावू नको. हे फोनवर टाइप करण्यासारखं नव्हतं.

मी इंग्लंडमधल्या हेरफर्ड कॉलेज ऑफ आर्ट्सला अर्ज करतोय. तिथं ‘आर्टिस्ट ब्लॅकस्मिथिंग’ची बी.ए. ऑनर्स आहे, ३ वर्षांची. सरळ सांगायचं तर लोहारकामाची पदवी. बाबांचा घास हातातच राहिला. “लोहाराच्या पोराले लोहार व्हाले विलायतेत जा लागते काय बे?” आई हसली. मीही हसलो, पण उत्तर काही सुचलं नाही.

आजोबांच्या लोहारसाळेत मी भाता ओढायचो, आठवतं? भर दुपारी आत अंधार असायचा. लोखंडाचा रंग उन्हात कळत नाही ना. विळ्याला पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करताना तर नजर हटायची नाही त्यांची. साधारण ७७० अंश सेल्सिअसला लोखंडाला चुंबक चिकटेनासं होतं, त्याच्या जरा पुढं पाणी द्यायचं, हे मी पुस्तकात वाचलं. आजोबांना तो क्षण नुसत्या रंगावरून कळायचा. पण आयुष्यभर त्यांनी केलं काय? विळे, फाळ, वखराची पास. गिऱ्हाईक सांगेल ते.

परवा इतवारीतल्या लोहाओळीतून १२ मिलिमीटरचा चौकोनी बार आणला. तापवून छन्नीनं मधोमध चीर पाडली, सुंबा, म्हणजे भोक रुंदावायची निमुळती पहार, ठोकून फाकवली. लोखंड कापलं गेलं नाही रे, बाजूला सरकलं आणि भोकाभोवती गालासारखं फुगलं! ड्रिलच्या भोकाला ते रूप कधीच येत नाही. त्या फुगवट्याचं पुढं काय करायचं, हे शिकवणारं मला कुणीतरी हवंय. बाबांना द्यायचं उत्तर एवढंच होतं.

त्याऐवजी मी त्यांना इतिहास ऐकवला. म्हटलं, आपल्याच जिल्ह्यात नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली, इ.स.पू. ७०० च्या आसपासची. ते म्हणाले, “मंग तिथंच जाय ना. व्हिसा बी नाई लागत.”

आता काम. पोर्टफोलिओसाठी फाटकाची कडी करतोय, फोटो तू काढायचेस. आजोबांची ऐरण मागच्या खोलीत आहे, एकट्याला हलत नाही. शनिवारी पहाटे ५ ला ये, मे महिन्यात त्यानंतर भट्टीजवळ उभं राहवत नाही. आणि बूट घालून ये लेका, चप्पल नको. मागच्या वेळचा डाग आहेच तुझ्या पायावर.

तुझा,
सुहास