बाळाच्या कानाचा आवाज आम्हाला ऐकू देणाऱ्या मावशींना

प्रिय मावशी,

नवजात बाळाच्या कानाची ओएई तपासणी (कानातून परत येणारा आवाज टिपणारी) दोन-चार मिनिटांत होते, असं आम्ही ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवण तपासणारे, आईवडिलांना सांगतो. त्याआधी तुम्ही जी तयारी करता तिची नोंद कुठल्याच रिपोर्टवर नसते. म्हणून हे पत्र, आणि तेही उघडं. नाशिकच्या इतर प्रसूतिगृहांतल्या मावशी-सिस्टरांनीही ते वाचावं.

बाळ झोपलेलं असताना त्याला ऐकू येतंय हे कळतं कसं, असं तुम्ही विचारता. बाळाला काय ऐकू आलं हे यंत्र बघतच नाही. बाळाचा कान स्वतः जो आवाज काढतो, तो यंत्र टिपतं. आतल्या कानात बाह्य केशपेशींच्या तीन रांगा असतात, एका कानात सुमारे १२ हजार पेशी. आवाज आला की त्या आखडतात, लांबतात आणि त्याला जोर देतात. त्यातला थोडा जोर उलट्या वाटेने, कानातल्या हाडांमधून पडद्यापर्यंत येतो आणि पडदा हलून बाहेर बारीक आवाज उमटतो. कानात असं काही घडत असावं, हे थॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्ये मांडलं होतं. १९७८ मध्ये लंडनला डेव्हिड केम्प यांनी तो आवाज मायक्रोफोनवर पकडून दाखवला.

आपल्या यंत्राचा प्रोब (कानात बसवायचा भाग) एका वेळी दोन सूर सोडतो, समजा ३२८० आणि ४००० हर्ट्झचे. निरोगी कान त्यावर तिसराच, २५६० हर्ट्झचा सूर परत देतो. तो आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा साधारण ६ डेसिबलने वर निघाला तरच आम्ही तो खरा धरतो. इथेच तुमचं काम येतं. तुम्ही पंखा बंद करता, खिडकी लावता, नातेवाइकांना बाहेर काढता. आईला आधी पाजायला सांगता, ढेकर काढता, बाळाला घट्ट गुंडाळता. चोखण्याचा, घुरघुरण्याचा आवाजही प्रोबमध्ये शिरतो आणि खालच्या पट्टीतलं उत्तर बुडवतो. (नाशिक ढोलाचा सराव सुरू झाला की मात्र तुमचाही इलाज चालत नाही, त्या दिवसांत सकाळी लवकर तपासणी घ्यायची सूचना तुमचीच.)

दुसरं, तेल. टाळू भरताना कानातही दोन थेंब सोडणाऱ्या आज्यांना न दुखावता थांबवणं आम्हाला कधीच जमलं नसतं. प्रोबच्या टोकाची छिद्रं इतकी बारीक असतात की तेल किंवा मळ अडकला तर चांगल्या कानाचाही निकाल ‘रेफर’, म्हणजे ‘पुन्हा तपासा’, असा येतो. जन्मानंतरच्या पहिल्या २४ तासांत कानात पांढरा चिकट थर आणि पडद्यामागे पाणी असू शकतं, तेव्हाही तसंच. म्हणून घरी जाण्याच्या दिवशीची तपासणी बरी. बाळ ज्या कुशीवर झोपलं होतं तो कान दबलेला असतो; तो थोडा वेळ वर ठेवून, कानाची पाळी हलकेच खाली-मागे ओढून टिप (प्रोबवरचं मऊ टोपण) बसवली की काम होतं. टिप नळीच्या भिंतीला टेकली तर पुन्हा पहिल्यापासून.

‘रेफर’ म्हणजे बहिरेपण नव्हे, हे तुम्ही आईला ज्या शब्दांत सांगता ते आम्हीही उचललेत: ‘आज कानाने उत्तर दिलं नाही, परत विचारू.’ परत विचारायचं मात्र नक्की. पहिली तपासणी १ महिन्याच्या आत, दोष असेल तर त्याचं निदान ३ महिन्यांच्या आत, उपचार ६ महिन्यांच्या आत. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ५ दिवसांहून जास्त राहिलेल्या किंवा कावीळ फार वाढलेल्या बाळांची बेरा तपासणीही (आवाज नसेतून मेंदूकडे पोहोचतो का ते बघणारी) हवी, कारण केशपेशी ठीक असूनही पुढची नस बिघडलेली असू शकते आणि ओएई तिथे फसते.

बाळंतिणींच्या तक्रारीही तुम्ही आमच्यापर्यंत आणता. कानात ठोक्यांसारखी घरघर येत असेल तर मनगटाची नाडी धरून बघायची. दोन्हींचा ठेका जुळला तर हिमोग्लोबिन आणि रक्तदाब तपासून डॉक्टरांना दाखवायचं. स्वतःचाच श्वास कानात घुमत असेल आणि आडवं झाल्यावर कमी होत असेल, तर घसा-कान जोडणारी नळी उघडी राहते आहे. टिकटिक बहुधा तोंडातल्या टाळूच्या किंवा मधल्या कानाच्या स्नायूंची. गिळताना होणारा ‘टक’ आवाज सगळ्यांनाच येतो, त्याला औषध नको.

मावशी, मनापासून आभार. नव्या टिपा आल्या आहेत. सगळ्यात लहान माप वेगळ्या डबीत ठेवलंय.

तुमच्या,
ऑडिओलॉजिस्ट मंडळी, नाशिक