नाला आमच्या शिवारात, पर्यावरण झेरॉक्सच्या दुकानात

मा. उच्च शिक्षण मंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळूरू

साहेब, नमस्कार.

मी येळ्ळूरचा, बी.कॉम. करून बेळगावात अकाउंटचं काम करतोय. घरची भातशेती आहे, जोराचा पाऊस झाला की बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात शिरतं, आठवडाभर हलत नाही, भात कुजतं आणि परत पेरायची पाळी येते, म्हणून हे लिहायलोय.

पर्यावरणाचा पेपर आम्हाला कंपल्सरी होता. सुप्रीम कोर्टानं १९९१ साली पर्यावरणाचे वकील एम. सी. मेहतांच्या याचिकेवर हा विषय शिकवायचा आदेश दिला, पुढं यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) सगळ्या शाखांसाठी एक अभ्यासक्रम काढला, त्यात १०० पैकी २५ मार्क फील्डवर्कला होते. जवळची नदी, डोंगर, नाहीतर घाण झालेली जागा स्वतः जाऊन बघायची. आम्ही काय केलं, तर झेरॉक्सच्या दुकानातनं तयार रिपोर्ट आणला, नाव बदललं, सही झाली. ओझोनचा थर पाठ होता, पण गाळ आणि जलपर्णीनं नाला तुंबला की पाणी कुणाच्या बांधावरनं आत येतं हे वर्गात कुणी विचारलं नाही. मी पण नाही विचारलं, त्याचं आज वाईट वाटतं.

मलप्रभा आमच्या कणकुंबीला उगम पावते, म्हादई पण खानापूर तालुक्यातलीच. २०१८ साली म्हादईच्या पाणीवाटपावर लवादाचा निकाल आला, पेपर भरभरून बातम्या, पण या नद्यांवर आमच्या कॉलेजात एक तास झाला नाही.

आणि हे पर्यावरणाचं शिक्षण सायन्सपेक्षा कॉमर्स-आर्ट्सच्या पोरांनाच जास्त पाहिजे असं माझं ठाम मत आहे, कारण उद्या हीच पोरं बँकेत कर्ज मंजूर करणार, बिल्डरचे हिशोब लिहिणार, पंचायतीत निवडून येणार, नाल्याकाठच्या शेतात भर टाकून प्लॉट पाडले तर पाणी कुठं जाईल हा कागद त्यांच्याच टेबलावर येणार.

तर मागणी एकच, फील्डवर्क खरं करा. प्रत्येक कॉलेजला जवळचा एक नाला, तळं किंवा ओढा द्या, पोरांनी तीन वर्षं त्याची नोंद ठेवू दे, कॉमर्सवाल्यांनी पिकाच्या नुकसानीचा हिशोब मांडावा, आर्ट्सवाल्यांनी म्हाताऱ्या माणसांशी बोलावं, आणि तो रिपोर्ट पंचायतीला पण जाऊ दे. लिहायला कन्नड आणि मराठी दोन्ही चालू द्या साहेब. कुठल्या साली पाणी कुठल्या बांधापर्यंत आलं हे आमच्या आज्जीला तोंडपाठ आहे, इंग्रजीत लिहायला बसलं की त्यातलं अर्धं गळून जातं.

आपला,
येळ्ळूरचा एक शेतकऱ्याचा मुलगा