आधी वायर लावून बघ

सातारा,
बुधवार, रात्री

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तुझा आवाज ऐकला आणि नंतर मला झोप लागली नाही. मीटिंगमध्ये तीनदा तुझं नेट गेलं आणि चौथ्यांदा जोडलं जाईपर्यंत तुझं काम दुसऱ्यानेच मांडून टाकलं, हे सांगताना तुझा गळा दाटून आला होता. महिनाभर जागून केलेलं काम होतं ते. "बाबा, आत्ताच नवीन राउटर मागवते, पाच हजार गेले तरी चालतील," असं म्हणालीस. बाळ, रविवारपर्यंत थांब. पैशासाठी सांगत नाही. नवीन डबा आणलास आणि दोष वायरीत निघाला, तर पुढच्या मीटिंगला तुझ्यावर पुन्हा तीच वेळ येईल.

पार्सलमध्ये पंधरा मीटरची नेटची वायर आहे. आज दुपारी मी स्वतः बनवली. दोन्ही टोकांना आठ-आठ तारा एकाच क्रमाने बसवल्या आहेत: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. चष्मा लावून तीनदा तपासल्या, मगच क्रिम्परने दाबल्या. हा क्रम का लिहिला ते पुढे कळेल.

तू लहान असताना पावसाळ्यात मी रात्री-अपरात्री भिजून घरी यायचो, आठवतं? टेलिफोन खात्यात फॉल्ट शोधण्यातच माझी नोकरी गेली. तक्रार आली की आम्ही लगेच खांबावर चढत नव्हतो. गावातली प्रत्येक लाइन एक्स्चेंजमध्ये एमडीएफवर, म्हणजे सगळ्या तारा जोडलेल्या मोठ्या चौकटीवर येते. तिथे ती लाइन सोडवायची आणि दोन्ही बाजूंना बघायचं, दोष एक्स्चेंजकडे आहे की बाहेर. बाहेर असला तर रस्त्यावरच्या पिलरला, म्हणजे जोडण्यांच्या कपाटाला हाच प्रश्न, मग खांबावरच्या डीपीला, म्हणजे छोट्या जोडपेटीला, मग घरात जाणाऱ्या वायरीला. केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरून अख्ख्या गल्लीचे फोन बंद पडायचे, तेव्हासुद्धा असंच मागे-पुढे तोडत दोष सापडायचा. जो गडी अंदाजाने कुठेही खणायला लागायचा, त्याचा दिवस वाया जायचा आणि रस्ता उकरला जायचा तो वेगळाच.

तुझ्या घरातही तसेच टप्पे आहेत. बाहेरून येणारी फायबरची बारीक वायर, दारामागे कंपनीने लावलेला डबा, डब्यापासून लॅपटॉपपर्यंतची हवा म्हणजे वायफाय, आणि शेवटी तुझा लॅपटॉप. पूर्वी मोडेम वेगळा आणि राउटर वेगळा असायचा. आता एकाच डब्यात दोन्ही कामं होतात, प्रकाशाचा सिग्नल उलगडायचा आणि तो घरभर वाटायचा. म्हणून लोक सगळ्यालाच "वायफाय स्लो आहे" म्हणतात. पण वायफाय स्लो असणं आणि लाइन स्लो असणं ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी.

रविवारी सकाळी सातला, ओवी उठायच्या आत, मंदाररावांचा फोन, टीव्ही, ओवीचा टॅब सगळ्यांचं वायफाय बंद कर. लॅपटॉपचंही. मी पाठवलेली वायर डब्यातून थेट लॅपटॉपला लाव आणि स्पीड टेस्ट तीनदा कर. आकडे वहीत लिही, वेळेसकट. मग वायर काढून, डब्याशेजारीच उभी राहून वायफायवर तीनदा. मग तुझ्या कामाच्या खोलीत टेबलाशी बसून तीनदा. रात्री साडेनऊला, तुझ्या मीटिंगच्या वेळेला, पुन्हा सगळं. सकाळी वायरीवर पूर्ण आणि रात्री वायरीवरच अर्ध मिळालं, तर संध्याकाळच्या गर्दीत कंपनीची लाइन कमी पडते आहे. दोन्ही वेळा वायरीवर पूर्ण आणि टेबलाशी कमी मिळालं, तर कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही, दोष हवेत आहे.

आकडा वाचताना एक घोटाळा नेहमी होतो. तुझा प्लॅन २०० चा, म्हणजे सेकंदाला २०० मेगाबिट. फाइल उतरवताना मात्र लॅपटॉप बहुतेक वेळा मेगाबाइट दाखवतो, आणि ८ बिटांचा एक बाइट. म्हणून फाइल सेकंदाला २५ मेगाबाइटच्या आसपास उतरत असेल तर ते पूर्ण २०० आहे.

वायर लावूनही आकडा ९४-९५ वरच अडकला, प्रत्येक वेळी तेवढाच, तर मला लगेच फोन कर. हे मी अनुभवावरून सांगतो. मागच्या वर्षी आपल्याकडे असंच झालं. प्लॅन २०० चा, आणि टेस्ट ९४ च्या वर जाईना. मी कंपनीला तक्रार केली, एक तरुण मुलगा आला, त्याने डबा बदलला. तरी ९४. पुन्हा तक्रार, पुन्हा तोच मुलगा. मी त्याला खूप बोललो. तुम्ही लोक गिऱ्हाइकाला फसवता, असंही बोललो. तो काही न बोलता निघून गेला. चार दिवसांनी तुझी आई झाडू मारताना म्हणाली, दाराच्या बिजागरीत वायर चेपली आहे बघा. सोलून पाहिली तर तपकिरी तार आत तुटलेली. १०० मेगाबिटपर्यंत आठातल्या चारच तारा लागतात, नारिंगीची जोडी आणि हिरवीची जोडी. त्यापुढे जायचं तर आठही शाबूत लागतात. उरलेल्या चारांतली एक तुटली की दोन्ही यंत्रं आपापसात ठरवून १०० वर उतरतात आणि तक्रार न करता चालत राहतात. दिवे हिरवे, नेट सुरू, फक्त निम्मं. मी त्या मुलाचा नंबर शोधून त्याला फोन केला आणि चूक माझी होती हे सांगितलं. आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांच्या लाइनी तपासल्या, त्याने स्वतःच्या घरातली दीड मीटर वायर तपासली नव्हती, ही गोष्ट मला अजून सलते. म्हणून आज त्या आठ तारा तीनदा मोजल्या. (कधीकधी डब्याचा तो पोर्टच १०० चा असतो. डब्याला चार पोर्ट असतील तर दुसऱ्यात लावून बघ.)

आता फायबर. दिवाळीत आलो होतो तेव्हा पाहिलं, डबा चपलांच्या कपाटात, आणि मागची पिवळी वायर दारात काटकोनात दुमडलेली. काचेच्या त्या तंतूतून प्रकाश जातो. घट्ट दुमडला की प्रकाश वळणावरच बाहेर गळतो. वळण एखाद्या वाटीएवढं तरी गोल ठेव. डब्यावर पॉनचा दिवा स्थिर हिरवा हवा. लॉसचा दिवा लाल झाला तर प्रकाश पोचतच नाही आणि तिथे तुझ्या हातात काही नाही, कंपनीलाच बोलाव. फायबरचं टोक काढू नकोस, त्यात डोळा लावून तर कधीच बघू नकोस. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. ओवीलाही तिथून लांब ठेव.

डब्याच्या स्टिकरवर १९२.१६८.१.१ असा पत्ता असेल, बहुतेक हाच. ब्राउझरमध्ये तो टाकून आत गेलीस की ऑप्टिकल पॉवर नावाचा आकडा शोध, म्हणजे डब्यात येणाऱ्या प्रकाशाची ताकद. तो उणे असतो. आपल्याकडे उणे २० च्या आसपास असतो. उणे २७ कडे सरकला की लाइन तग धरत नाही. दर ३ ने आकडा घसरला की प्रकाश निम्मा होतो, एवढं लक्षात ठेव. कंपनीला फोन करताना "नेट स्लो आहे" म्हणालीस तर ते डबा बंद करून चालू करायला सांगतील आणि फोन ठेवतील. "वायर लावून रात्री साडेनऊला इतकं मिळतं, सकाळी सातला इतकं, ऑप्टिकल पॉवर उणे इतकी" असं सांगितलंस तर तक्रार पुढे सरकते. तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नकोस. आणि डब्यामागच्या बारीक भोकात पिन घालू नकोस. त्याने कंपनीची सगळी सेटिंग पुसली जातात आणि असलेलंही नेट जातं. बंद करायचा तर बटणाने किंवा प्लग काढून, दोन मिनिटं थांबून पुन्हा चालू.

तरीही माझं मन सांगतं की तुझा दोष हवेतला आहे. कपाट दारापाशी, तुझी खोली दुसऱ्या टोकाला, मध्ये काँक्रीटच्या दोन भिंती आणि ते लोखंडी कपाट. तुझ्या डब्याची दोन नावं दिसतात ना, एकामागे ५जी लिहिलेलं? तो मोबाइलचा ५जी नव्हे, ५ गिगाहर्ट्झ आहे. तो वेगवान, पण भिंतीपुढे दमतो. दुसरा २.४ गिगाहर्ट्झचा लांब पोचतो, पण तुझ्या सोसायटीत प्रत्येक घराचा तोच चालू असतो. त्याचे चॅनेल, म्हणजे हवेतल्या ठरलेल्या वाटा, एकमेकांवर चढतात. एकमेकांना न भिडणारे तीनच, १, ६ आणि ११. वीस घरं त्या तीन रांगांत उभी आहेत असं समज.

मायक्रोवेव्हही त्याच २.४ वर चालतो. परवा तू सहज म्हणालीस की मीटिंग सुरू असताना मंदारराव ओवीचं दूध गरम करतात. तुझ्या खोलीला लागूनच स्वयंपाकघर आहे. मी रात्रभर याचाच विचार करत होतो. तपासायला सोपं आहे. लॅपटॉपवर कमांडची काळी खिडकी उघड, पिंग लिहून जागा सोड, मग तोच १९२.१६८.१.१ चा पत्ता, शेवटी डॅश आणि टी. डब्यापर्यंत जाऊन यायला किती वेळ लागतो ते एकेक ओळीत येत राहील. टेबलाशी बसून दोन-पाच मिलिसेकंद येत असतील तर छान. मग कपभर पाणी मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं फिरव आणि त्या ओळींकडे बघ. आकडे शंभर-दोनशेवर उडाले किंवा उत्तरच आलं नाही, तर दोष सापडला.

नाही उडाले तर आणखी एक जागा बघ. व्हिडिओ मीटिंगला तीन-चार मेगाबिट पुरतात, तुझ्याकडे २०० आहेत. म्हणजे मीटिंग तुटते ती पाणी कमी म्हणून नाही, नळ मध्येच अडतो म्हणून. ओवीच्या वाढदिवसाचे व्हिडिओ दोघांच्या फोनवरून रात्री आपोआप वर चढत असतात. वर जाणारी वाट भरली की तुझा आवाज त्या व्हिडिओंच्या मागे रांगेत उभा राहतो. उतरण्याचा स्पीड तेव्हाही चांगलाच दिसतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. फोटोंचा बॅकअप पहाटेपुरता ठेवा आणि साडेनऊला बंद करा.

१५ ऑगस्ट १९९५ ला आपल्या देशात सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू झालं तेव्हा मी एक्स्चेंजमध्येच होतो. पुढे २००४ च्या धोरणात २५६ किलोबिटला सरकारने ब्रॉडबँड म्हटलं, २०१३ ला ५१२, आणि २०२३ ला २ मेगाबिट. आपल्या घरी तांब्याच्या तारेवर नेट आलं तेव्हा फोन वाजला की नेट जायचं. तू बारावीचा अर्ज भरत होतीस, पान भरत आलं की फोन वाजायचा आणि तू रडायचीस. स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या फोनला फिल्टर लावायचा राहिला होता. एवढासा पांढरा डबा, तो लावला आणि त्या रात्री तुझा अर्ज गेला. तेव्हा मी शेजारी होतो. आता दीडशे किलोमीटरवर नुसता फोन कानाला लावून बसावं लागतं, याचं फार वाईट वाटतं.

रविवारी निकाल हवेचा लागला तर नवीन राउटर आणायच्या आधी हीच पंधरा मीटरची वायर दारापासून पॅसेजच्या कडेने, स्कर्टिंगला चिकटवत तुझ्या टेबलापर्यंत ने. माझ्या मोजमापाने तेरा मीटर लागेल. दाराच्या बिजागरीपाशी ती वरून घे, चौकटीवरून. मीटिंगला लॅपटॉप वायरीवर चालव, बाकी घर वायफायवर राहू दे. आणि डबा कपाटातून बाहेर काढ, त्याला वारा लागू दे. दिवाळीत हात लावला होता, चटका बसेल एवढा तापला होता.

आईने पार्सलमध्ये कंदी पेढे आणि शेंगदाण्याची चटणी घातली आहे. वायर वरती आहे, गुंडाळी हळू सोड, ओढू नकोस. ज्या टोकाला मी लाल चिकटपट्टी गुंडाळली आहे ते डब्याकडे लाव, तिकडची क्लिप जरा घट्ट बसते. टक् असा आवाज येईपर्यंत दाब. रविवारी पावणेसातला मी फोन हातात घेऊन बसतो.

तुझा,
बाबा