माकिवारा वापरण्याआधी वाचा

मागच्या अंगणातला माकिवारा, म्हणजे कराटेच्या ठोशांचा सराव करायचा दोरी गुंडाळलेला खांब, पुन्हा उभा केला आहे. खांब अडीच फूट गाडलाय, पण वरचं टोक मुद्दाम पातळ ठेवलंय. ठोशागणिक ते थोडं लवायलाच हवं. भिंतीवर हात आपटण्याचा हा प्रकार नव्हे. कराटेचं मूळ असलेल्या जपानच्या ओकिनावा बेटावर भाताच्या पेंढ्याची दोरी गुंडाळतात, आपण काथ्यावर भागवलंय. नवा आहे, खरवडतो.

ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या सांध्यांवर बसू दे. करंगळीकडे घसरला तर हाड मोडू शकतं. मनगट सरळ. पहिले 15 दिवस प्रत्येक हाताने 20च, तेही निम्म्या जोराने. कातडं सोललं की थांबा. परवा दोरीवर कुणाचं तरी रक्त तसंच होतं, हे चालणार नाही.

16 वर्षांखालच्यांनी हात लावायचा नाही. पालकांनीही गळ घालू नये. जाताना ताडपत्री झाका, काथ्या भिजला की कुजतो.